एकशे चौसष्ट होकार

ज्या देशाच्या कचेरीत मी दुबईला नऊ वर्षं नोकरी केली, त्याचं नाव इथे लिहीत नाही. तिथली माणसं अजून नोकरीत असतील, आणि मी जे सांगणार आहे त्यात चूक माझी होती, त्यांची नव्हे. युरोपच्या एका कोपऱ्यातला तो देश. आमच्या हॉलमधल्या नकाशावर पेन्सिलीचं टोक टेकवलं की सगळा झाकला जायचा, आणि त्याला लागून मोठा शेजारी असा पसरलेला की नुसतं बघूनच धाप लागावी. कचेरी म्हणजे जुमेरातली एक जुनी व्हिला. माणसं तीन: कॉन्सुल मॅडम, ड्रायव्हर आणि मी. माझ्या कार्डावर ‘ऑफिस मॅनेजर’ असं छापलेलं होतं. मॅनेज करायला माझ्याखेरीज कुणी नव्हतं, आणि तेवढंही मला कधी धड जमलं नाही.

मंदी आमच्या घरात शिरली ती दोन हजार नऊच्या सुरुवातीला. नवरा एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर होता. एका गुरुवारी त्याच्यासकट अख्ख्या खात्याला पत्रं मिळाली. मुलगी सातवीत. तिची परीक्षा संपल्यावर दोघं पुण्याला गेले आणि मी राहिले. माझी नोकरी तर सरकारी, ती कुठे जातेय, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. सरकार दुसऱ्याचं आहे, हे तेव्हा दोघांपैकी कुणी बोललं नाही. दुबईतला फ्लॅट सोडला आणि शारजात, रोल्लाला, एका रत्नागिरीच्या कुटुंबाकडे एक खोली घेतली. त्यांचं खाली मसाल्याचं दुकान होतं, वर घर. भाभी चांगल्या होत्या. रोज दारावर टकटक करून विचारायच्या, “ताई, जेवलांव काय?” मी न जेवताही हो म्हणायचे, कारण नाही म्हटलं की त्यांच्यात जाऊन बसावं लागायचं, आणि त्यांची चार पोरं, आजी, हसणं, भांडणं, एकाच ताटात पडणारे हात हे सगळं बघून परत आपल्या खोलीत यायचं मला सहन होत नसे. एक वाटी भात लावायचा आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचा. शुक्रवारी पुण्याला फोन. नवरा म्हणायचा, “बघतोय, होईल काहीतरी.” मुलगी म्हणायची, “फाइन, आई. नथिंग मच.” आठ मिनिटांत फोन संपायचा.

त्या वर्षी माणसं कशी नाहीशी होत होती ते बाहेरच्या कुणाला सांगून पटणार नाही. रोल्लाहून दुबईला जायला आमची एक कारलिफ्ट होती. ठरलेली व्हॅन, ठरलेली सात माणसं, पहाटेपासूनच्या जाममध्ये दोन-दोन तास खांद्याला खांदा. कुणाला शुगर आहे, कुणाच्या मुलाला गणितात किती मिळाले, सगळं सगळ्यांना माहीत. आणि मग एका सकाळी एक सीट रिकामी. ड्रायव्हर पाच मिनिटं थांबायचा, म्हणायचा, “खलास, वो गया,” आणि निघायचा. कर्ज असेल, लाज असेल, घाई असेल, पण जाताना कुणी निरोप घेत नव्हतं. उन्हाळा संपेपर्यंत आम्ही तिघं उरलो होतो.

पण मला खरा धडा मिळाला तो आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत. एका शाळेचा हॉल घेऊन मंडळ दरवर्षी महाप्रसाद करायचं, आणि पानं किती ते काढायचं काम माझ्याकडे असायचं. मी घरोघर फोन केले. चारशे माणसांनी “येतो, येतो, न येऊन कसं चालेल” म्हटलं. चारशेंचा स्वयंपाक झाला. आली शंभराच्या आसपास. बाकीचे काही देश सोडून गेले होते, काही लपून होते, काहींना चारचौघांत ‘सध्या काय करता’ हा प्रश्न नको होता. संध्याकाळी मसालेभाताची पातेली आम्ही लेबर कॅम्पवर नेऊन दिली. मंडळातल्या एक बाई सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, “अहो, माणसं हो म्हणतात ते तोंडदेखलं असतं, एवढं कळू नये तुम्हाला?” मला इतका राग आला की तिथेच रडू फुटलं. घरी येऊन मी मनाशी हिशोब पक्का केला: चार होकार म्हणजे एक माणूस. यापुढे असंच धरायचं.

आता मॅडमविषयी. पंचावन्नच्या आसपासच्या, उंच, सडसडीत, नवरा नाही, मूल नाही. चप्पल कधीच नाही, कायम बंद बूट, बाहेर पंचेचाळीस डिग्री असली तरी. दुबईत कुठल्या ना कुठल्या देशाचा राष्ट्रीय दिन आठवड्याला एक तरी असतोच. हॉटेलात हॉल, दारात यजमानांची रांग, हस्तांदोलन, फळांचा रस, भाषण. बाकीचे कॉन्सुल पाच मिनिटं तोंड दाखवून सटकायचे. आमच्या मॅडम प्रत्येक ठिकाणी जायच्या आणि शेवटचा पाहुणा गेल्यावर निघायच्या. समुद्रातल्या कुठल्याशा बेटाच्या कार्यक्रमाला एकदा मीही बरोबर होते. सतरा माणसं होती. मॅडम दोन तास उभ्या राहिल्या आणि त्या बेटाच्या म्हाताऱ्या कॉन्सुलशी त्याच्या नातवंडांबद्दल बोलल्या. परतताना मी गाडीत चिडून म्हटलं, “मॅडम, इथून आपल्याला काय मिळणार?” त्या म्हणाल्या, “मोठ्या देशाकडे रणगाडे असतात. आमच्याकडे ओळखी आहेत.”

त्यांच्या देशाचं तेव्हा एकच काम चाललेलं होतं. दोन छोट्या शेजाऱ्यांना बरोबर घेऊन एका मोठ्या लष्करी संघटनेत शिरायचं. त्या संघटनेचा नियम मॅडमनी मला समजावला होता: एकावर हल्ला झाला तर तो सगळ्यांवर झाला असं धरून सगळ्यांनी धावून यायचं. अर्ज करून बरीच वर्षं झाली होती. दर वर्षी उत्तर यायचं की दार उघडं आहे, पण इतक्यात नाही. मॅडम ते उत्तर मला अगदी आनंदाने वाचून दाखवायच्या. मला त्यात आनंदाचं काडीचंही दिसत नसे.

दोन हजार दहाच्या जानेवारीत त्यांच्या राजधानीहून पत्र आलं. मंदीमुळे खर्च कमी करायचा होता. हा देश आणि ते दोन छोटे शेजारी, अशा तिघांनी मिळून ठरवलं होतं की आखातात प्रत्येकाची वेगळी कचेरी नको, तिघांची मिळून एकच असू द्या. एक तर ती दुबईला आमच्या व्हिलात येणार, नाहीतर आखातातल्याच दुसऱ्या एका देशाच्या राजधानीत जाणार. मेमध्ये आमच्या राष्ट्रीय दिनाला परराष्ट्र मंत्रालयातला एक अधिकारी येऊन बघणार होता की या देशाला इथे मित्र किती आहेत, आणि तो लिहील ते होणार. कचेरी इथे राहिली तर माझा व्हिसा राहणार, मॅडमची निवृत्तीपर्यंतची चार वर्षं राहणार. गेली तर मला महिन्याभरात सामान बांधावं लागणार. पुण्यात नवऱ्याला अजून काही मिळालेलं नव्हतं. मॅडमनी पत्राची घडी घातली आणि म्हणाल्या, “मग या वर्षी सगळ्यांना बोलवू.”

दोनशे दहा कार्डं गेली. हॉटेलचा हॉल ठरला. एप्रिलअखेर मी फोनवर बसले. एकशे चौसष्ट जणांनी येतो म्हणून सांगितलं. एका खजुराच्या व्यापाऱ्याचा सेक्रेटरी म्हणाला, “इन्शाल्ला, मॅडम, साहेबांचे बाबा स्वतः येणारच.” एका आफ्रिकी देशाच्या कचेरीतली मुलगी म्हणाली, “आमचे साहेब विचारतात, फुलं आणली तर चालतील का?” मी प्रत्येक नावापुढे पेनाने टिक केली. आणि मग, ऑफिसात कुणी नसताना, पेन्सिल घेऊन चारातली तीन नावं खोडत गेले. हा नुसता गोड बोलतो. ही मागच्या वर्षी आली नव्हती. याची कंपनीच उरलेली नाही. माझं मला फार शहाणं वाटत होतं. अधिकाऱ्यासमोर दोनशे माणसांचा हॉल आणि त्यात चाळीस डोकी, हे चित्र मला दिसत होतं, आणि त्यापासून मी मॅडमना वाचवत होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, “किती?”

मी म्हटलं, “चाळीस.”

त्यांना वाटलं एवढेच हो म्हणाले. मी तसंच वाटू दिलं. त्या खुर्चीत बसल्या, काही वेळ बूट जमिनीवर नुसते हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही इथली माणसं माझ्यापेक्षा जास्त ओळखता. तुम्हाला काय वाटतं?” मी म्हटलं, हॉल रद्द करू. इथेच व्हिलात, पुढच्या खोलीत आणि अंगणात करू. मंदी आहे, साधेपणाने केलं म्हणून अधिकाऱ्यालाही बरं वाटेल. पन्नास जणांचं खाणं पुरे. त्या हो म्हणाल्या. जागा बदलल्याचे निरोपही सगळ्यांना मीच पाठवले, आणि पुन्हा उत्तरं आली: ठीक आहे, तिकडे येतो. ती उत्तरं मी वाचली आणि फायलीत लावली. आज वाटतं, तेव्हा तरी माझं डोकं ठिकाणावर यायला हवं होतं. नाही आलं.

त्या संध्याकाळी हवेत इतका दमटपणा होता की अंगणातल्या खुर्च्या ओल्या झाल्या होत्या. अधिकारी आला. चष्मा, छोटी वही, सभ्य माणूस. सात वाजता पहिली गाडी आली, बेटाचे म्हातारे कॉन्सुल. सव्वासातला गल्लीत गाड्यांची रांग लागली. साडेसातला मी फाटकाबाहेर जाऊन बघितलं. दोन्ही बाजूंना जाम. पाहुणे गाड्या लांब सोडून चालत येत होते. सूट घातलेले, पांढरे पायघोळ कंदुरे घातलेले अरब, साड्या, झगे, एक बाई हातात फुलांचा एवढा मोठा गुच्छ घेऊन रस्त्याच्या कडेने, घामाने निथळत. आत पाय ठेवायला जागा उरली नाही. खाणं पंधरा मिनिटांत संपलं. पाणीसुद्धा संपलं, तेव्हा ड्रायव्हर कोपऱ्यावरच्या बकाल्यात, किराणा दुकानात, धावला. शेजारच्या व्हिलातल्याने गाडी निघत नाही म्हणून पोलिसांना फोन केला. मॅडम दारात उभ्या राहून एकेकाचा हात हातात घेत होत्या, पण रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेलेली होती, आणि रांगेतली माणसं किती वेळ उभी राहणार? अर्ध्याअधिक लोक आत न येताच, मॅडमना न भेटता परत गेले. खजुराच्या व्यापाऱ्याचे बाबा, नव्वदीचे असावेत, काठी टेकत रस्त्यावर उभे होते. मी त्यांच्याजवळ खुर्ची नेईपर्यंत त्यांचा मुलगा त्यांना गाडीत बसवत होता. बाबा मला एवढंच म्हणाले, “मुली, आम्ही सांगितलं होतं ना येतो म्हणून?”

अधिकारी खिडकीशी उभा राहून हे सगळं बघत होता. वहीत काहीतरी लिहीत होता.

सगळे गेल्यावर तो मॅडमशी त्यांच्या भाषेत बोलला. मला भाषा कळत नव्हती, पण मॅडमचा स्वर कळला. त्या एकेक वाक्य सावकाश बोलत होत्या आणि मधून मधून स्वतःच्या छातीवर हात ठेवत होत्या. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने मला सांगितलं. तो त्यांच्याच देशाचा. मॅडम म्हणाल्या होत्या, “छोटा कार्यक्रम करायचा निर्णय माझा होता, माझाच अंदाज चुकला.”

मी यादी घेऊन त्यांच्या खोलीत गेले. पेनाच्या टिका आणि पेन्सिलीच्या रेघा, सगळं त्यांच्यासमोर ठेवलं. गणपतीचं सांगितलं, चारशेंचं सांगितलं, कारलिफ्टमधल्या सीटचं सांगितलं. माझी बडबड थांबेना. त्यांनी पूर्ण यादी वाचली, शेवटच्या नावापर्यंत. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“हे सगळे येतो म्हणाले होते?”

“हो, मॅडम.”

“आणि तुम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही.”

मी मान हलवली.

“आमच्याकडे बारा हजार सैनिक आहेत,” त्या म्हणाल्या. “शेजारी मनात आणेल त्या दिवशी दुपारपर्यंत राजधानीत असेल. आमचा सगळा देश या एका गोष्टीवर उभा आहे, की कुणीतरी दार उघडं आहे म्हटलंय, येतो म्हटलंय. ते येतील असं धरूनच आम्ही सकाळी उठतो, मुलांना शाळेत पाठवतो. दुसरं काय करणार?” यादी त्यांनी मला परत दिली. “तुम्ही फार एकट्या राहता,” असं म्हणाल्या आणि कॉम्प्युटरकडे वळल्या. मला त्याचा राग आला. मग दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही, भाभींच्या टकटकीलाही दार उघडलं नाही.

अहवाल जुलैत आला. या कचेरीला आपल्या मित्रांची मोजदाद आणि पाहुणचार दोन्ही जमत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. तिन्ही देशांची कचेरी त्या दुसऱ्या राजधानीत जाणार, तिथे नोकरीला माणसं त्यांच्याच देशांतली असणार. मॅडमना मायदेशी परत बोलावलं, कुठल्यातरी दप्तरखान्यात. जायच्या दिवशी त्या स्वतः रोल्लाला माझ्या खोलीवर आल्या, भाभींच्या हातचं माशाचं कालवण खाल्लं, आणि भाभी “परत या हां” म्हणाल्या तेव्हा खरोखर डायरी काढून, कधी येता येईल ते बघू लागल्या. भाभींना हसू आवरेना. मला आवरलं. पुढे त्यांचा देश त्या संघटनेत गेला की नाही, ते मी मुद्दाम शोधलेलं नाही. कुठे बातमी दिसली तरी पान उलटते.

माझं निघायचं ठरलं सप्टेंबरातल्या एका शनिवारी. शुक्रवारी फोनवर नवरा म्हणाला, “मी आणि ही, दोघं घ्यायला येतो मुंबईला. नक्की.” पाठीमागून मुलगी ओरडली, “वुई आर कमिंग, आई!” मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि एका ट्रॅव्हल्सवाल्याला लावून पुण्यापर्यंतच्या गाडीत सीट घेतली. पुण्याहून पहाटे उठून इतक्या लांब कोण येतंय? गाडी ठरवल्याचं नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो ‘बरं झालं’ म्हणाला असता, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. दुबईचं सिमकार्ड त्याच रात्री बंद केलं.

विमान वेळेच्या अर्धा तास आधी उतरलं. बाहेर पडताच ट्रॅव्हल्सचा माणूस पाटी घेऊन उभा होता. त्याने माझी ट्रॉली घेतली आणि मी त्याच्यामागे खाली मान घालून पार्किंगला गेले. कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसांकडे मी बघितलंच नाही. माझ्यासाठी तिथे कुणी असेल असं मी धरलंच नव्हतं. रस्ताभर झोपले.

घराला कुलूप होतं. समोरच्या काकू दार उघडून बाहेर आल्या आणि माझ्या सामानाकडे बघतच राहिल्या.

“अगं, तू इथे कशी? ते दोघं तुलाच आणायला गेलेत. काल रात्रीपासून पोरीने झोपू दिलं नाही कुणाला. कार्डबोर्डवर तुझं नाव रंगवून नेलंय तिने.”

काकूंच्या फोनवरून मी नवऱ्याला लावला. उचलला मुलीने. पाठीमागे विमानतळाचा गलका होता.

“आई? व्हेअर आर यू? वुई हॅव बीन हिअर फॉर अवर्स. एव्हरीबडी फ्रॉम युवर फ्लाइट हॅज गॉन. बाबा इज आस्किंग द पोलीस.”

मी म्हटलं, मी घरी आहे. गाडी करून आले.

ती म्हणाली, “बट वुई टोल्ड यू वुई वुड कम.”

निघा आता, हळू चालवायला सांग बाबाला, असं काहीतरी मी म्हटलं. त्यांना पुण्याला पोचायला चार तास तरी लागणार होते. काकूंनी त्यांच्याकडची किल्ली पुढे केली. मी ती घेतली नाही. जिन्यातच बॅगेवर बसून राहिले.